लोरेनची रिपब्लिकन खुर्ची

लोरेन सोबचिक कागदोपत्री रिपब्लिकन आहे, आणि आयुष्यात तिने रिपब्लिकन उमेदवाराला एकदाही मत दिलेलं नाही. हे ती स्वतःच सांगत फिरते, त्यामुळे ईरी शहराच्या पूर्व भागातल्या आमच्या सगळ्या गल्ल्यांना ते ठाऊक आहे. मला ही बाई आवडते, तेही आधीच सांगून टाकतो.

आमच्या चर्चच्या तळघरात मतदान होतं आणि मी तिथला केंद्राध्यक्ष. नियम असा, की टेबलाशी डेमोक्रॅट आणि रिपब्लिकन, दोन्ही पक्षांचा एकेक माणूस हवा. मतदार म्हणून नाव घालताना आमच्याकडे पक्ष लिहून देतात. मत मग आडोशाला जाऊन कुणालाही द्या. पूर्वी आमच्या भागात रिपब्लिकन औषधालाही सापडत नसे. सगळे इंजिनांच्या कारखान्यातले, सगळे युनियनवाले, म्हणून सगळे डेमोक्रॅट. मग त्या दुसऱ्या खुर्चीत शहराच्या पलीकडून कुणीतरी सुटाबुटातला माणूस येऊन बसायचा. त्याला आमची पोलिश आडनावं उच्चारता येत नसत. म्हाताऱ्या बायकांना तो त्यांच्याच नावाची अक्षरं पुन्हापुन्हा विचारी, आणि त्या बिचाऱ्या चोरी केल्यासारख्या उभ्या राहत. लोरेनला ते बघवेना. तिने जाऊन आपला पक्ष बदलून घेतला. "आपलं माणूस नको का तिथे?" एवढंच म्हणाली. नवरा स्टॅन युनियनचा कट्टर. तो काही दिवस घुम्यासारखा वागला, मग तोच तिला केंद्रावर सोडायला येऊ लागला.

पुढे दिवस फिरले. कारखान्याने माणसं काढली, मग आणखी काढली. लोकांच्या अंगणातल्या प्रचाराच्या पाट्यांचे रंग बदलले. लोरेनच्या धाकट्या भावाने, जीनने, तो राहतो त्या वडिलांच्या घरासमोर रिपब्लिकन पाटी रोवली, आणि गेल्या ईस्टरला सगळ्यांदेखत दोघांची जुंपली.

"युनियनसाठी बाबांनी डोकं फोडून घेतलं, आणि त्यांच्याच अंगणात हे?" लोरेन म्हणाली.

"त्यांच्या युनियनने माझी नोकरी वाचवली का? आणि तू कागदावर कोण आहेस, ते बघ आधी!"

तेव्हापासून अबोला. स्टॅन गेलेला, जीनची बायकोही गेलेली, दोघांची घरं हाकेच्या अंतरावर. पण चर्चमध्ये एक या टोकाला, तर दुसरा त्या टोकाला. "एकच भाऊ उरलाय मला," लोरेन एकदा माझ्यापाशी रडली. "टीव्हीवरच्या लोकांपायी तोही गेला." मला दोघांचाही राग आला होता. अजून थोडा आहे.

यंदा ऑक्टोबरात आमची डेमोक्रॅट हेलेन लेकीकडे फ्लोरिडाला निघून गेली. तिच्या खुर्चीत बसायला कुणी तयार होईना. एकाची पाठ दुखत होती, एकीला शिव्या खायच्या नव्हत्या. मतदारांची नावं चाळताना जीनच्या नावापाशी थांबलो. पठ्ठ्याने पक्ष बदललाच नव्हता, अजून डेमोक्रॅटच! आळस, दुसरं काय. अंगणात एक आणि कागदावर भलतंच, असे आमच्याकडे पुष्कळ आहेत.

लोरेनला सांगितलं. ती आधी खो खो हसली, मग म्हणाली, "तू विचार ना त्याला."

"तुझा भाऊ, तू विचार. नाहीतर येईलच पलीकडचा कुणीतरी सुटाबुटातला."

मीच तिला गाडीने घेऊन गेलो. जीनने दार उघडलं.

"एक डेमोक्रॅट पाहिजे," लोरेन म्हणाली.

"घर चुकलीस."

"कागदावर आहेस तू, जीन. आणि मी रिपब्लिकन."

जीनने डोकं खाजवलं. "बाबा काय म्हणाले असते गं?"

"दोघांनाही बदडलं असतं."

तो हसला नाही. पण "सकाळी किती वाजता?" असं त्याने विचारलं.

मतदानाच्या दिवशी केंद्रात राजकारण बोलायला बंदी असते. दोघांकडे रोखून बघत मी तो नियम वाचून दाखवला. त्यामुळे पहिले काही तास त्यांना बोलायला विषयच नव्हता. बाहेर ईरी सरोवरावरून बर्फ भुरभुरत होतं, लोक बूट आपटत येत होते. मग त्यांच्या आईची एक जुनी मैत्रीण मत द्यायला आली, आणि ती गेल्यावर आई कोबीच्या गुंडाळ्यांत भात घालायची की जव, यावरून बहीणभाऊ भांडू लागले. तावातावाने, अगदी लहानपणी भांडत असतील तसे. मी मध्ये पडलो नाही.

दुपारी गर्दी ओसरली तेव्हा दोघं टेबलाशीच एकत्र जेवले, मग त्यांनी आपापली मतं दिली. जीनला मतपत्रिका लोरेनने दिली, लोरेनला जीनने. परत येऊन बसल्यावर ती हळूच म्हणाली, "तुझ्या मताने माझं खाल्लं, माझ्याने तुझं. दोघं घरी बसलो असतो तरी चाललं असतं."

हे नियमाबाहेरचं होतं. मी दटावायला हवं होतं, पण कॉफी ओतायच्या निमित्ताने पाठ फिरवली.

"घरी बसून जेवलो असतो कुणाबरोबर?" जीन म्हणाला.

तेवढ्यात एक मतदार आला. नाव विचारायचं काम लोरेनचं. पण ती डोळे पुसायला रुमाल शोधत होती, म्हणून ते जीननेच विचारलं.