काळा रंग कुठे संपतो

बाबांशी पक्ष्यांवरून वाद घालू नये, हे मला माहीत होतं. तरी रविवारी सकाळी धरणाकाठी मी तो घातलाच. समोरच्या हरभऱ्यात करड्या करकोच्यांचा थवा चरत होता.

"क्रौंच आहेत," बाबा म्हणाले. "डोक्यावर लाल डाग असतो."

"कांड्या करकोचे आहेत हो. मानेचा काळा रंग बघा, छातीपर्यंत लोंबतोय. क्रौंचाचा मानेवरच संपतो."

"मला शिकवू नकोस."

हा फरक मला त्यांनीच शिकवला होता, म्हणून तर जास्त चीड आली. दुर्बीण त्यांच्या हातात कोंबून मी म्हटलं, "मग मोजून सांगा किती आहेत."

ते बघत राहिले. तेवढ्यात पक्षी एकेक करत बांधापलीकडे चालत गेले. शेत रिकामं झालं तरी बाबांची दुर्बीण तिथेच रोखलेली होती.

"बारा," ते ठामपणे म्हणाले.

सारखे दिसणारे पक्षी मी वेगळे ओळखते. हट्ट आणि भीती यांतला फरक मात्र मला ओळखता आला नव्हता. लांबून दोन्हींचा आवाज सारखाच येतो.

"कधीपासून दिसत नाहीये?"

बाबांनी दुर्बीण खाली घेतली. "दिवाळीपासून. धूसर दिसतं."

मला मागे बसवून इथवर स्कूटर त्यांनीच आणली होती. मी किल्ली मागितली.

"वळणावर जपून," किल्ली देत बाबा म्हणाले. "तुझं रस्त्याकडे लक्ष नसतं."