फियाटचा एसी आणि माझं खोटं

माझ्या जुन्या फियाटला एसी बसवणारा जामसंड्याचा मेकॅनिक कामात कच्चा आहे, असं मी चार वर्षं सांगत आलो. ते खोटं होतं.

एसी बसवताना त्याने बजावलं होतं, "काकानु, पावसातसुद्धा आठवड्यातून धा मिनिटां एसी लावा. नायतर सील सुकतलो नि गॅस जातलो." पण पावसात एसी कोण लावतो? मी जूनमध्ये गाडीवर नारळाची झापं टाकली, ती दसऱ्याला काढली. तोवर गॅस गेला होता; तो त्याच मेकॅनिकने पुन्हा भरून दिला. बायकोसमोर चूक कबूल करायची लाज वाटली, म्हणून दोष त्याच्यावर ढकलला आणि बाजारातल्या सलूनमध्येही रंगवून सांगितलं. जुन्या गाड्यांवाले त्याच्याकडे जाईनासे झाले.

परवा मी त्याच्यासमोर सगळं कबूल केलं. तो हसला. "सील मीच बदललंय मां? तेव्हाच कळला माका."

"मगे बोललंस कित्याक नाय?"

"तुम्ही वडीलधारे. आता माका सांगून काय उपयोग? सलूनात सांगा."

रविवारी सलून भरलेलं असताना मी सगळं सांगितलं. न्हाव्याचा वस्तरा थांबला. तोंडाला साबण लावलेल्या एकाने विचारलं, "मगे माझ्या ॲम्बॅसडराक तो एसी बसयतलो काय?"

"बसयतलो," मी म्हणालो. "पण तो सांगता ता ऐक."