अक्काच्या मिरचीचं बी

देवपूरच्या कॉलेजात अमृत सरांचं व्याख्यान सुरू झालं की पहिलं चित्र हमखास लाल मिरचीचं. कार्बन डायऑक्साइड तापवून दाबला की ना धड वायू राहतो ना धड द्रव. वायूसारखा कुठेही शिरतो आणि द्रवासारखा मिरचीतला रंग-तिखटपणा विरघळवून आणतो, हे सर इतकं रंगवून सांगत की मागच्या बाकावरची पोरंही जागी राहत. ती मिरची कुठली, हे मात्र सर सांगत नसत.

ती पारोळ्याकडच्या त्यांच्या थोरल्या चुलतीची, भिकुबाई अक्काची. गावात मिरचीचं रोप टाकायचं तर पहिली मूठ अक्काच्या हातची, असा रिवाज होता. बाईच्या हाताला गुण! अमृत जळगावला पीएचडी करत होता तेव्हा त्याला तीच जुनी मिरची हवी होती. त्या साली पीक बुडालेलं, घरात फक्त बियाण्यासाठी आढ्याला टांगलेल्या मिरच्या उरल्या होत्या. अक्काने त्याही काढून दिल्या. "टरफल तू ले, बी माले आनी दे," एवढंच म्हणाली.

अर्क काढायच्या मशीनवर दुसऱ्या दिवशीचाच नंबर होता. नुसती टरफलं वजनाला कमी भरली. शिवाय नमुना अख्खा दळावा, हा नियम. नियम कसला, सोय! अमृतने बियांसकट सगळं मिक्सरमध्ये घातलं. मग बाजारातलं मिरचीचं बी आणून अक्काच्याच फडक्यात बांधलं आणि गावी पोचवलं.

अर्क उत्तम निघाला. पीएचडी झाली, नोकरी लागली. तिकडे अक्काच्या वाफ्यात भलतीच मिरची आली, फिकी, जाड सालीची. तिने बी दिलं त्यांच्याकडेही तीच. दोन वर्षं बायकांनी सांभाळून घेतलं, तिसऱ्या वर्षी पहिल्या मुठीसाठी तिला कोणी बोलावलं नाही.

"मन्हा हातना गुणच गया रे भाऊ," ती दर दिवाळीला म्हणायची. अमृत मान खाली घालून फराळ करायचा. चोर तो चोर, वर फराळाला हजर!

या दिवाळीला मात्र त्याने फराळाची ताटली बाजूला सारली. नऊ वर्षं फ्रीजरमध्ये जपलेली अर्काची बाटली त्याने अक्काच्या हातात दिली. तिने वास घेतला आणि सुरकुत्यांसकट हसली. "हाईच शे ती!"

"अक्का, बी मी दळी टाकं. तुले दिधं ते बाजारनं व्हतं."

अक्काने बाटली पुन्हा नाकाशी नेली. तिने रडावं, शिव्या द्याव्यात, असं त्याला फार वाटत होतं.

"मंग मन्हा हात खराब नई व्हता?"

"नई, अक्का."

तिने टोपण घट्ट लावलं, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि उंबऱ्यात जाऊन उभी राहिली.

"चाल मंग. गल्लीमा बठ्ठासले सांग."

गल्लीतल्या सगळ्यांना सांगायचं! एवढ्या सभा गाजवलेल्या अमृत सरांना पाटावरून उठवेना.