मंगलवहिनींची उघडी पेटी

मंगलवहिनी माझ्याकडं शेवटच्या आल्या त्या एका रविवारी, सकाळी साडेदहाच्या सुमारास. मुकुंदवाडीहून रिक्षानं आल्या, चपला दाराशी काढल्या आणि पाणीही न घेता म्हणाल्या, "भाऊजी, पेटी उघडा." पेटी म्हणजे माझ्या संगणकाचा सीपीयू. तो नीट चालू होता. मी तसं सांगितलं. "चालू हाय म्हणूनच उघडायची. बंद पडल्यावर माणसाचं डोकं ठिकाणावर राहत नाय." मी संगणक बंद केला, भिंतीतली वायर काढली, बाजूचा पत्रा उतरवला. तेव्हा त्या म्हणाल्या, "आता डोळे मिटा, आन् कार्ड काढून दाखवा." मला हसू आलं, थोडा रागही. "वहिनी, मला दिसतं अजून." "मी कुठं नाय म्हणलं? मिटा." मी डोळे मिटून ग्राफिक्स कार्ड काढलं आणि परत बसवलं. असं चार वेळा. चौथ्या वेळी हात कुठं अडला नाही, तेव्हा त्यांनी चहा मागितला, आणि तो घेऊन त्या उठल्या... त्यानंतर बाराव्या दिवशी पुण्याहून मिलिंदचा फोन आला. शेजारच्या बाईंनी त्याला कळवलं होतं. आई सकाळी उठलीच नाही, एवढंच तो बोलू शकला.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची पत्नी, मिलिंद त्यांचा एकुलता एक मुलगा. दादा जाऊन दहा वर्षं झाली. मी एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयातून निवृत्त झालो, लग्न केलं नाही, पुंडलिकनगरात दोन खोल्यांत पुस्तकांबरोबर राहतो. चार वर्षांपूर्वी माझ्या नजरेच्या मधोमध, आधी उजव्या डोळ्यात, एक राखाडी डाग आला. कडेचं सगळं दिसतं, पण ज्याच्याकडं पाहावं तेच नाहीसं होतं. छापील पान हळूहळू गेलं. मग एक सोय सापडली: पुस्तकाचं पान स्कॅन करायचं, एका मोठ्या पडद्यावर ते पूर्ण ठेवायचं आणि दुसऱ्या पडद्यावर एकेक ओळ मुठीएवढ्या अक्षरांत न्यायची. असे दोन मोठे पडदे माझ्या जुन्या संगणकाला पेलत नव्हते, त्यासाठी वेगळं ग्राफिक्स कार्ड लागत होतं. ते कार्ड चालतं तोवर मी वाचतो, असा हिशेब होता. उजव्या डोळ्याचं मी सगळ्यांना सांगितलं होतं. डावाही त्याच वाटेनं चालला आहे, हे कुणालाच सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर मिलिंद दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन आला असता आणि मला पुण्याला घेऊन गेला असता. तो चांगला मुलगा आहे, म्हणूनच घेऊन गेला असता. मला हे घर सोडायचं नव्हतं.

वहिनींना संगणकाचं कळायचं कसं, हे कोडं मी पुष्कळ दिवस सोडवत होतो. शिक्षण सातवीपर्यंत, माहेर पैठणकडचं, आणि सगळं आयुष्य शिलाई मशीनवर. पोलक्यांसाठी त्यांच्याकडं पार चिकलठाण्याहून बायका यायच्या. मिलिंद पुण्याला गेला तेव्हा त्याचा जुना संगणक घरीच राहिला. त्याचा पंखा घरघरायला लागला. आवाज करणाऱ्या मशीनला तेल घालायचं असतं, एवढं त्यांना ठाऊक होतं. म्हणून त्यांनी तो उघडला, आणि तेल घालायची जागा सापडेना म्हणून आत बघतच राहिल्या. त्या दुपारी त्यांनी मला फोन केला. "भाऊजी, आत गाव वसलंय हो. रस्ते हायेत, टाक्या हायेत. तुमच्या पुस्तकात ह्याचं काय लिहिलंय का?" मी पुस्तकात बघून सांगतो म्हणालो. मी सांगेपर्यंत त्यांनी थांबावं असा त्यांचा स्वभाव नव्हता. त्यांची रीत सोपी होती: वीज काढायची, एक भाग काढून बाजूला ठेवायचा, पुन्हा सुरू करायचं आणि काय अडतं ते बघायचं. मेमरी काढली तर पेटी ओरडते, हार्ड डिस्क काढली तर काळ्या पडद्यावर इंग्रजी अक्षरं येतात... मिलिंद फोनवर कपाळाला हात लावायचा. "आई, शॉक बसेल." "वायर काढून करते रे. मशीनचा पट्टा बदलताना तुझा बाप वायर काढायचा का? मीच काढायची." पुढं गल्लीतली पोरं, मग त्यांचे आईबाप, आपापले सीपीयू उचलून त्यांच्याकडं येऊ लागले. पोलक्याच्या कापडांच्या गठ्ठ्याशेजारी पेट्या उभ्या दिसायच्या.

माझ्यासाठी पहिलं कार्ड घ्यायचं ठरलं तेव्हा मी माझ्या पद्धतीनं वागलो. पंधरा दिवस वाचलं. कोणतं कार्ड किती मोठे पडदे चालवतं, किती वीज खातं, माझ्या पेटीतला एसएमपीएस, म्हणजे वीजपुरवठ्याचा डबा, ती देऊ शकतो का, सगळं वहीत उतरवलं. क्रांती चौकाजवळच्या एका दुकानातून कार्ड आणलं आणि वहिनींना बोलावलं. त्यांनी खोक्यावरून हात फिरवला, पेटीत हात घातला आणि विचारलं, "भाऊजी, माप कुठं घेतलं?" मी वही उघडली. वहीत सगळं होतं, फक्त लांबी नव्हती. कार्ड दोन बोटं जास्त लांब निघालं, हार्ड डिस्कच्या चौकटीला जाऊन अडलं. चाळीस वर्षं पुस्तकं कपाटात लावणाऱ्या माणसानं उंच पुस्तक बुटक्या कप्प्यात लावावं तसं झालं. वहिनी हसल्या नाहीत, हे मला जास्त लागलं. "गिऱ्हाईक नुसतं बघून पोलकं शिवलं तर बाहीत हात जात नाय," एवढंच म्हणाल्या आणि पर्समधून मोजपट्टी काढली.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं दुकानात गेलो. वहिनी गल्ल्यासमोर उभ्या राहून खोक्यामागून खोकी उघडायला लावत होत्या आणि प्रत्येक कार्डाला मोजपट्टी लावत होत्या. दुकानदार पोरगा तोंडाळ होता. "ताई, ह्याला ब्लाऊज शिवायचा का?" "व्हय, पेटीला. अस्तरासकट. ते तिसरं दाखव." "ताई, ये ले जाओ, ये सबसे बढिया हय." "बढिया असंल रे. मावतंय का ते सांग." शेवटी एक आखूड कार्ड निघालं, एका पंख्याचं, वेगळी वीज न मागणारं. पोरगा कार्ड पिशवीत भरताना म्हणाला, "असं माप कुणी घेत नाही, ताई." वहिनी म्हणाल्या, "म्हणून तर बदलून मागायला परत येतात लोक तुझ्याकडं," आणि पिशवी उचलली.

कार्ड बसवायच्या दिवशी थंडी होती. मी स्वेटर घालून बसलो होतो. वहिनींनी आल्या आल्या तो काढायला लावला. आपल्याकडच्या कोरड्या थंडीत लोकरीतून, टेरिकॉटमधून कशा ठिणग्या उडतात, हे कापडात आयुष्य गेलेल्या बाईला सांगावं लागत नव्हतं. ती ठिणगी कार्डाला मारते, हे मी वाचून सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "तरीच थंडीत पेट्या जास्त येतात." पेटी उघडायची ती सुती कपड्यांतच, हा त्यांचा नियम त्या दिवसापासून झाला. त्यांनी स्वतः मात्र पेटीला हात लावला नाही. शेजारी बसून बोलत राहिल्या, हात माझे. आधी वायर काढा. आता चालू करायचं बटण एकदा दाबा, आत राहिलेली वीज निघून जाऊ द्या. पत्र्याला हात लावा. मागचा स्क्रू काढा. आता खाचेच्या टोकाला एक खटका असंल, पुढं कार्ड काढताना तो दाबल्याबिगर ओढाल तर मोडंल... नवं कार्ड कडांना धरायचं. खालच्या बाजूला सोनेरी पट्ट्या असतात, त्यांना "जरीचा काठ" म्हणायच्या. "जरीला घामाचा हात लावत नाय ना आपण? तसंच." खाचेत ते दोन्ही अंगठ्यांनी सरळ दाबायचं, एक बाजू आधी नाही, एक बाजू नंतर नाही. टक् असा आवाज आला तेव्हा माझ्या कपाळावर त्या थंडीतही घाम होता. पडद्याची वायर मी चुकून मदरबोर्डाच्या, म्हणजे पेटीतल्या मुख्य पाटीच्या, जुन्या खोबणीत घातली आणि दोन्ही पडदे काळे राहिले. मी वही शोधू लागलो. वहिनी म्हणाल्या, "वही नका बघू, वायर बघा. पाणी नव्या टाकीत भरलं, तोटी जुन्या टाकीला लावली." मग अक्षरं उमटली. मुठीएवढ्या 'अ'वर त्यांनी आपली मूठ धरून बघितली. नंतर म्हणाल्या, "एवढं मोठं लागतंय व्हय आता."

त्या एका वाक्याचा मी तेव्हा विचार केला नव्हता.

वहिनी गेल्यावरचा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम मुकुंदवाडीत झाला, मिलिंद पुण्याला परतला, आणि तीन आठवड्यांनी माझ्या पडद्यांवर आडव्या रेघा आल्या. कार्डाचा पंखा थांबला होता. दोन दिवसांत पडदे पूर्ण गेले. मिलिंद फोनवर म्हणाला, "काका, दुकानात टाका ना. नाहीतर मी नवीनच पाठवतो." मी हो म्हणालो आणि काहीच केलं नाही. वाचनाविना नऊ दिवस काढले. दुकानात पेटी नेण्यात काही वाईट नव्हतं. पण मला एक गोष्ट कळून घ्यायची होती आणि ती दुकानात कळली नसती. डावा डोळा आता इतका उतरला होता की पेटीच्या आत मला नुसता अंधार दिसत होता. एवढ्या नजरेच्या माणसाला एकट्यानं राहता येतं का, हे मला बघायचं होतं. येत नसेल तर मिलिंदला स्वतः फोन करायचा, असं ठरवलं.

कार्ड आणलं. या वेळी माप घेऊन, अर्थात. पण पहिल्यासारखं आता मिळत नाही. लांबी बसली तरी या कार्डाला विजेची वेगळी वायर लागत होती. एसएमपीएसमधून निघणाऱ्या वायरींचा आत गुंता असतो, ती कोणती हे डोळ्यांनीच ओळखावं लागतं, असं मी वाचलं होतं. जुनं कार्ड काढलं, नवं बसवलं, टक् ऐकू आलं. मग गुंत्यात हात घातला आणि बोटांना काहीतरी लागलं. वायरीवर दोरा गुंडाळून घट्ट एक गाठ मारलेली होती. ती वायर हार्ड डिस्ककडं जात होती. दुसऱ्या वायरीवर दोन गाठी. ती कुठंच जात नव्हती, वेटोळं करून बाजूला बांधून ठेवलेली होती. तिच्या टोकाची खोबण नव्या कार्डावर अलगद बसली. पडद्याची वायर लावायला पेटीच्या मागं हात नेला, तर मदरबोर्डाच्या जुन्या खोबणीवर शर्टाचं बटण चिकटवलेलं. चुकीच्या जागी वायर जाणारच नाही... मी खाली फरशीवर बसलो. त्या रविवारी मी चहा करायला आत गेलो होतो, तेवढ्या वेळातलं हे काम असणार. म्हणजे त्यांना सगळं माहीत होतं. कधीपासून, ते कळायला आता मार्ग नाही.

पडदे लागले. पहिलं पान वाचायच्या आधी मी मिलिंदला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन पेटीत धरला. "मिलिंद, हा दोरा कोणत्या रंगाचा आहे रे?"

"कुठला दोरा? तो पिवळा? ...काका, तुम्हाला दिसत नाही?"

"नाही. दोन्ही डोळ्यांचं तसंच आहे. वर्ष झालं."

पलीकडं कुणीतरी त्याला हाक मारत होतं, त्यानं दार लावून घेतलं. मग त्यानं विचारलं, "मग कार्ड कुणी बसवलं?"

"मी."

"एकट्यानं?"

मी फोन आणखी आत नेला, एकेक गाठ त्याला दाखवली, बटण दाखवलं. तो गाठी मोजत होता, मोठ्यानं, लहानपणी मोजायचा तसं. तीन गाठींचीही एक वायर निघाली, माझ्या बोटांतून सुटलेली. ती अजून मोकळीच आहे.

पेटीचा पत्रा मी लावलेला नाही. पुण्याला चला, असं मिलिंद अजून म्हणालेला नाही. रविवारी येतोय. तीन गाठींची वायर कशासाठी ठेवली असेल, ते त्यालाही बघायचंय.