सरांना पाहायला आलेली माणसं

सर गेल्याची बातमी आली आणि मला पहिल्यांदा आठवली ती त्यांच्या लग्नाची बोलणी. ती खरं तर कधी झालीच नव्हती.

साठ सालानंतरची गोष्ट. यवतमाळ जिल्ह्यातलं आमचं कॉलेज नवंच होतं. पुण्याकडून आलेले अविवाहित सर तिथे तर्कशास्त्र शिकवत. कापसाची वेचणी लागली की वर्ग शेतात जाई. मी आणि तांड्यावरून येणारा माझा मित्र, एवढेच उरायचो. नेमकी त्याच दिवसांत विद्यापीठाची समिती आली. वर्ग रिकामा दिसला तर विषय बंद, आणि सरांची नोकरीही.

त्या दिवशी गावचा बाजार होता. मित्र तिकडे धावला. त्याचे आजोबा, बंजारा तांड्याचे नायक म्हणजे प्रमुख, बाजारातच होते. त्यांना म्हणाला, "नागपूरची मोठी माणसं सरांले पाहाले आली. वर्गात चार माणसं दिसली पाह्यजे."

मुलगा पाहायला पाहुणे आले की आपल्या माणसांनी बैठक भरून दाखवायची, ही आमच्याकडची रीत. नायकांना अधिक सांगावं लागलं नाही. बाजारातले सगळे फेटे वर्गात येऊन बसले, वांग्यांच्या टोपलीसकट. मागोमाग समिती.

"हे विद्यार्थी?" अध्यक्षांनी विचारलं.

नायक उठले. "रामराम! बसा ना पाव्हणे. पोरगा सोन्यासारखा हाय. विडी नाही, सुपारी नाही."

"शिकवतात कसे?"

"त्याच्याशी पोरीच्या बापाले काय कराचं? नोकरी पक्की हाय."

सरांनी डोळे मिटले.

"नोकरीचंच पाहायला आलोय," अध्यक्ष म्हणाले.

"मंग झालं त! पोरगी कोन्या गावची?"

अध्यक्षांना हसू आवरेना. मित्रानं खरं सांगून टाकलं. "पंधरवड्यानं पुन्हा येऊ," अध्यक्ष म्हणाले, "तेव्हा विद्यार्थी हवेत."

बाहेर नायक नातवावर उखडले. "पोरं नसली त मास्तरची नोकरी जाते? मंग आधी काहून नाही सांगतलं बे? सकाळी दवानं कापूस ओलाच राह्यते. तवर पोरं बसतीन मास्तरपाशी."

बाकीच्या फेट्यांनी माना डोलावल्या. सरांनी तास भल्या सकाळी घेतला. समिती परत आली तेव्हा कमरेला वेचणीचं फडकं बांधून अख्खा वर्ग हजर होता. विषय राहिला. ऊन चढून दव सुकू लागलं की मुलं खिडकीकडे बघत, आणि सर अनुमान अर्ध्यावर ठेवून म्हणत, "जा आता."