पटवणं आणि भाग पाडणं

लाँड्रीत सगळे तिला तडतडी म्हणायचे. बोलायला लागली की थांबायचं नाव नाही, आणि चुकून गप्प बसलीच, तर बायका कपाळाला हात लावून ताप बघायच्या. मोठमोठ्या हॉटेलांच्या चादरी धुऊन देणारी ती लाँड्री. तडतडी तिथे वाफेच्या इस्त्रीवर होती.

एकदा मॅनेजरने तिला केबिनमध्ये बोलावलं. "बायका तुझं ऐकतात. तुला सुपरवायझर करायचं म्हणतोय. पण हॉटेलवाल्यांशी बोलायला इंग्रजी हवं. क्लास लाव, खर्च कंपनीचा."

क्लास घेणाऱ्या बाई शाळेतून निवृत्त झालेल्या. पुस्तकात धडा चालू होता तो लोकांचं मन वळवण्याचा, पुढारपणाचा, समाज बदलण्याचा. लीडर, प्रोटेस्ट, रिफॉर्म, पर्स्वेड. त्यातला पर्स्वेड, म्हणजे पटवणं, काही तडतडीच्या जिभेवर बसेना. मग तिने घरीच सराव सुरू केला.

"अहो, बटाटे सोला. मी तुम्हाला पर्स्वेड करतेय."

नवरा म्हणाला, "हे पर्स्वेड आहे की दमदाटी?"

"दमदाटीच आहे," सासूबाई आतून ओरडल्या, "सोल गपचूप!"

हसून हसून पुरेवाट झाली, पण प्रश्न तिच्या डोक्यातून जाईना. दुसऱ्या दिवशी तिने बाईंना विचारलं, "पटवलं की भाग पाडलं, हे ओळखायचं कसं?"

बाई म्हणाल्या, "समोरच्याला 'नाही' म्हणता येत असेल, तर पर्स्वेड. 'नाही' म्हणायची सोयच ठेवली नसेल, तर फोर्स."

त्याच सुमारास लाँड्रीतले टॉवेल गायब होऊ लागले, आणि मॅनेजरने मागच्या दाराला कुलूप ठोकलं. तिथून येणारा वारा बंद झाला. भर दुपारी घड्या घालणारी एक पोरसवदा बाई वाफेत घुसमटून कोसळली. किल्ली वॉचमनकडे, वॉचमन चहाला गेलेला. शेवटी ट्रॉल्यांच्या गर्दीतून तिला उचलून पुढच्या दाराने बाहेर काढावं लागलं. जीव वाचला.

मॅनेजरने तडतडीला बाजूला घेतलं. "उद्या हॉटेलची माणसं पाहणीला येताहेत. विचारलं तर सांगायचं, कुलूप बायकांना मान्य आहे. बायकांना तू पटव. लीडरचं कामच ते."

"आणि नाही पटलं तर?"

"तर पटलं असं सांगायचं."

ती घरी आली ती तणतणतच. नवरा चाचरत म्हणाला, "बढती हातची जाईल गं." सासूबाई मात्र म्हणाल्या, "जाऊ दे. ती काय आपल्या घरात होती?"

दुसऱ्या दिवशी पाहुणे आले. त्यांच्यातल्या एका बाईंनी कुलुपाकडे बोट दाखवलं. मॅनेजर तोंडभर हसून इंग्रजीत म्हणाला की आम्ही बायकांना समजावलं, त्यांना पटलं. त्या बाईंनी तडतडीकडे पाहिलं. तिचं पाठ केलेलं व्याकरण सगळं उडालं.

"नो मॅडम," ती म्हणाली. "मॅनेजर नॉट पर्स्वेड. मॅनेजर फोर्स. वन गर्ल फॉल डाऊन. डोअर लॉक."

मॅनेजर घाईघाईने म्हणाला, "हिचं इंग्लिश वीक आहे, हिला म्हणायचंय की..."

"माय इंग्लिश वीक," तडतडीचा आवाज चढला, "माय मीनिंग नॉट वीक!"

पलीकडच्या टेबलावरच्या बाईने इस्त्री बंद केली. मग तिच्या शेजारणीने. वाफेचा आवाज एकेक करत थांबत गेला, आणि कुणीही चादरीला हात लावेना. पाहुण्या बाईंनी किल्ली मागितली. वॉचमन पुन्हा जागेवर नव्हता. त्याला शोधायला मॅनेजर स्वतः धावला, तोही सगळ्यांच्या देखत.

संध्याकाळी कुलूप निघालं. सुपरवायझर मॅनेजरची भाची झाली, आणि तडतडीच्या क्लासचा खर्च कंपनीने बंद केला. बढतीचं तिला वाईट वाटलं. नाही वाटलं म्हणेल तर खोटं. दोन दिवस ती कुणाशी धड बोलली नाही, बायकांनी दोनदा ताप बघितला.

मग ती क्लासला गेली, घड्या घालणाऱ्या त्या पोरीला आणि आणखी तिघींना घेऊन. बाईंनी चष्म्यावरून पाहिलं.

"एवढ्या जणी? कुठल्या धड्यापासून सुरू करू?"

"धडा राहू दे बाई," तडतडी बाकावर ऐसपैस बसत म्हणाली, "आधी युनियनचं स्पेलिंग सांगा."