कमरेच्या उंचीवरचा प्लग

तळघराची खोली करतोय. ओल आणि गारठा अडवायला भिंतींवर थर्माकोल, त्यावर प्लायवूड बसणार. वायरमन म्हणाला, "प्लग कुठे हवेत ते आजच सांगा, नंतर भिंत उघडता यायची नाही." मी खडूने जमिनीलगत दोन चौकोन काढले आणि नुसता उभा. उरलेल्या कोऱ्या भिंतीवर पुढची वर्षं आखायची, आणि माझी नजर काही पुढच्या महिन्यापलीकडे जाईना.

ऐंशीचे माझे वडील जिन्याचा कठडा धरत खाली आले. हृदयाचं ऑपरेशन होऊन महिनाच झालाय. त्यांनी खडू घेतला आणि कोपऱ्यात कमरेच्या उंचीवर चौकोन काढला.

"इतका वर, आजोबा?" वायरमनने विचारलं.

"रेडिओला. नव्वदीत मला वाकता यायचं नाही."

मग मीही माझे चौकोन पुसून वर घेतले.